हवेवर पन्नास मीटर

टेक्निकल डायव्हर चहाला बसले आणि ‘डीप एअर’चा विषय निघाला की हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो, हेलियम मिळत असताना साध्या हवेवर पन्नास-साठ मीटर जाणं हा निव्वळ अडाणीपणा. दुसरा म्हणतो, आम्ही वर्षानुवर्षं जातोय, काय बिघडलं? मी या दोघांच्या मधे बसणारी. चाळीस मीटरपर्यंतचा अनुभव होता, त्यापुढचं सगळं ऐकीव. ऐकीव गोष्टींवर मत बनवण्यापेक्षा रीतसर शिकून यावं म्हणून टीडीआय या संस्थेचा ‘एक्स्टेंडेड रेंज’ कोर्स घेतला. साध्या हवेवर जास्तीत जास्त ५५ मीटर खोली आणि वर येताना डिकम्प्रेशनचे थांबे (अंगात मुरलेला वायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून), एवढा त्याचा आवाका. जागा इजिप्तमधलं दहाब. सिनाईच्या पूर्व किनाऱ्यावर, अकाबाच्या आखाताकाठी वसलेलं गाव. तिथे किनाऱ्यावरून थोडं पोहलं की तळ एकदम खाली निघून जातो, त्यामुळे बोटीचा खर्च नाही.

आपल्या किनाऱ्यावर ही सोय नाही. माझा पहिला डाइव्ह तारकर्लीचा, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ: पाच-सात मीटर पाणी, हाताला धरून फिरवणारा मालवणी मुलगा आणि वर आल्यावर व्हिडिओची सीडी. कोकणासमोर समुद्र मैलोन्‌मैल उथळच आहे. खोलीचा सराव करायचा तर अंदमान, नाहीतर देशाबाहेर.

आधी थोडं गणित, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. आपल्याकडच्या बातम्यांत डायव्हरच्या पाठीवर कायम ‘ऑक्सिजनचा सिलेंडर’ असतो. तो खरंच तसा असता तर सहा मीटरच्या खाली उतरल्यावर बिचाऱ्याला झटके येण्याची धास्ती सुरू झाली असती. टाकीत असते ती आपली रोजचीच हवा. गाळून, कोरडी करून, २०० बार दाबाने भरलेली. २१ टक्के ऑक्सिजन आणि उरलेला जवळपास सगळा नायट्रोजन. समुद्रात दर १० मीटरला एक बार दाब वाढतो. ५० मीटरवर, वातावरणाचा एक धरून, सहा बार. म्हणजे तिथल्या एका श्वासात वरच्या सहा श्वासांची हवा जाते. वर मला मिनिटाला १६ लिटर लागत असतील तर तिथे ९६. आणि हवेतला प्रत्येक वायूही सहापट होतो. ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटा, १.२६ बार, नायट्रोजनचा ४.७४. ऑक्सिजनसाठी पाण्याखाली १.४ ही कामाची मर्यादा मानतात आणि १.६ ही शेवटची. साध्या हवेवर १.४ गाठलं जातं ५६ मीटरच्या आसपास, १.६ गाठलं जातं ६६ ला. कोर्सचा ५५ हा आकडा पहिल्या रेषेच्या किंचित अलीकडे बसतो.

ही झाली ऑक्सिजनची बाजू. नायट्रोजनबद्दल मी डोकं खाल्लं ते पुण्यातल्या माझ्या एका मैत्रिणीचं. ती भूलतज्ज्ञ आहे. नायट्रोजनने भूल कशी काय चढते, असं विचारल्यावर म्हणाली, ‘अगं, त्यात नवल काय? झेनॉनने तर साध्या दाबालाच चढते. चरबीत जो वायू जास्त विरघळतो, तो जास्त भूल देतो, हा शंभर वर्षांपूर्वीचा निष्कर्ष आहे. नायट्रोजन कमी विरघळतो, म्हणून त्याला दाबावं लागतं. तू तेच करायला निघालीयस.’ हेलियम चरबीत नायट्रोजनपेक्षाही खूप कमी विरघळतो. म्हणून तो घातलेलं मिश्रण, ट्रायमिक्स, वापरलं की डोकं ताळ्यावर राहतं. मग तिने विचारलं, ‘खाली तुला चढलीय की नाही, हे कोण ठरवणार?’ मी म्हटलं, मीच. ‘आम्ही पेशंटला भूल दिल्यावर “कसं वाटतंय” असं विचारून डोस ठरवत नाही, गं. मॉनिटर बघतो. तू पेशंटही तूच आणि भूलतज्ज्ञही तूच.’

संपूर्ण कोर्सभर हे वाक्य डोक्यात होतं. डीप एअरची शिकवणी, नीट पाहिलं तर, याच एका अडचणीवरचा तोडगा आहे: खाली जो निर्णय घेणार आहे त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, म्हणून सगळे निर्णय वरच घेऊन जायचे.

सुरुवातीचे दिवस खोलीचं नावही नाही. दीपगृहासमोरच्या उथळ पाण्यात नुसती कवायत. पाठीवर १२ लिटरच्या दोन टाक्या, मधे जोडनळी, कुशीला तिसरी टाकी, खोली आणि वेळ दाखवणारे दोन-दोन मनगटी कॉम्प्युटर. टाक्यांचा जोड आणि बाकी लवाजमा मिळून चाळीस किलोच्या आसपास. तो घेऊन भर उन्हात गोट्यांवरून पाण्यापर्यंत चालत जायचं. माझी उंची पाच फूट एक इंच. किनाऱ्यावरच्या बदू पोरांची छान करमणूक झाली असावी. पाण्यात गेल्यावर डोक्यामागे हात नेऊन टाकीची झडप बंद करायची, उघडायची. मास्क काढायचा, घालायचा. जोडीदाराला लांब नळीचा रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं साधन) द्यायचा. दोरीच्या फिरकीवरून फुगा वर सोडायचा. हे सगळं करताना जागचं हलायचं नाही, खोली अर्ध्या मीटरनेही बदलायची नाही. पुन्हा पुन्हा, कंटाळा येईपर्यंत आणि त्यानंतरही. आमचा प्रशिक्षक कमी बोलणारा, पोलंडचा माणूस. त्याचा हिशेब सरळ होता. खाली डोकं चाळीस टक्के चालेल की साठ, सांगता येत नाही. हातांना मात्र डोक्याला न विचारता काम करता आलं पाहिजे.

दुपारी कागदकाम. हा भाग मला सगळ्यात आवडला, आणि डीप एअरच्या बढाया मारणाऱ्यांच्या बोलण्यात तो कधीच येत नाही. १२ लिटरच्या दोन टाक्या, २०० बार, म्हणजे ४८०० लिटर हवा. ऐकायला भरपूर वाटते. आता समजा ५० मीटरवर जोडीदाराची हवा गेली. दोघंही घाबरलेले, प्रत्येकी मिनिटाला वरचे ४० लिटर ओढताहेत. दोघांचे ८०, गुणिले सहा, मिनिटाला ४८० लिटर. एका मिनिटाच्या गोंधळात २० बार संपले. गोंधळ निस्तरायला दोन मिनिटं, मग २१ मीटरपर्यंतची चढण, हे सगळं धरून जो आकडा येतो तो ‘हात लावायचा नाही’ असा साठा. टाकीच्या दाबाचा काटा तिथे पोचला की परत फिरायचं, समोर व्हेलशार्क आला तरी. हा आकडा मनगटावरच्या पाटीवर लिहायचा. किती मिनिटं खाली, कुठल्या मीटरवर किती थांबायचं, कॉम्प्युटर बंद पडला तर काय, दुसरा वायू हरवला तर काय, सगळं लिहून न्यायचं. खाली फक्त वाचायचं. बेरीज-वजाबाकी पाण्याखाली नाही.

‘दुसरा वायू’ म्हणजे कुशीतल्या टाकीतला, ५० टक्के ऑक्सिजन असलेला नायट्रॉक्स. वर येताना २१ मीटरवर तो सुरू केला की अंगात मुरलेला नायट्रोजन लवकर बाहेर पडतो. पण हीच टाकी ५० मीटरवर चुकून तोंडात गेली तर ऑक्सिजन होतो तीन बार. त्याने काही मिनिटांत अपस्मारासारखे झटके येऊ शकतात, आणि पाण्याखाली झटका आला की तोंडातला रेग्युलेटर सुटतो, माणूस बुडतो. झटक्यापेक्षा बुडणं मारतं. त्यामुळे टाकीवर मोठ्या अक्षरांत ‘२१’ लिहिलेलं, आणि बदलताना ठरलेला विधी: जोडीदाराला लेबल दाखवा, नळीवरून बोट फिरवत टाकीपासून तोंडापर्यंत या, तो मान हलवेपर्यंत श्वास घेऊ नका. उथळ पाण्यात हा विधी पोरखेळ वाटतो.

मग खोली सुरू झाली. चाळीस मीटर माझ्या सवयीचे. पंचेचाळीसला प्रशिक्षकाने मुद्दाम आम्हाला हलक्या प्रवाहाविरुद्ध थोडं पोहायला लावलं. नायट्रोजनची नशा आणि ऑक्सिजनचे झटके हे सगळ्यांना माहीत असतं, पुस्तकात त्यांची वेगळी प्रकरणं असतात. मला खरी चाहूल लागली ती तिसऱ्याच वायूची, जो टाकीत नव्हताच. थोडे पाय मारल्यावर श्वास पुरेनासा झाला. हवा येत होती, रेग्युलेटर उत्तम होता, पण ती जाड लागत होती. श्वास सोडायला वेळ लागतोय, तोवर पुढचा घ्यायची घाई होतेय. छातीत काहीतरी उगाचच घाबरं. प्रशिक्षकाने हात आडवा धरून थांबवलं, खडकाला बोट टेकवायला लावलं, आणि आम्ही लांब, सावकाश श्वास सोडत राहिलो. मिनिटभरात उतरलं.

तो कार्बन डायऑक्साइड. आपल्याच शरीरात तयार झालेला, आणि बाहेर टाकता न आलेला. दाबाखाली हवा दाट होते, आणि दाट हवा फुफ्फुसातून आत-बाहेर करायला जोर लागतो. एका हद्दीनंतर कितीही जोर केला तरी पुरेशी हवा हलत नाही, आणि जोर केल्यानेच आणखी कार्बन डायऑक्साइड तयार होतो. गॅव्हिन अँथनी आणि सायमन मिचेल या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेले आकडे आता बहुतेक टेक्निकल डायव्हर मानतात: श्वासातल्या वायूची घनता लिटरला ५.२ ग्रॅमपर्यंत असावी, ६.२ च्या पुढे जाऊ नये. साधी हवा ५.२ गाठते ३० मीटरच्या जरा पुढे, आणि ६.२ गाठते चाळीसच्या आतच. पन्नासला ती साडेसातच्या आसपास असते. म्हणजे आमचा सगळा कोर्स या रेषेच्या पलीकडच्या बाजूला चालला होता. शिवाय कार्बन डायऑक्साइड एकटा येत नाही. तो स्वतः गुंगी आणतो, नायट्रोजनची नशा वाढवतो, आणि मेंदूकडे रक्त जास्त ओढून ऑक्सिजनच्या झटक्याची शक्यताही वाढवतो. ‘साठ मीटरला मला काहीच होत नाही’ म्हणणाऱ्याला एकदा साठ मीटरवर, प्रवाहाविरुद्ध, कुणालातरी ओढत नेताना पाहायला हवं. निवांत तरंगताना काही होत नाही हे खरं असेलही. अपघात निवांत तरंगताना होत नाहीत.

पन्नासच्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर आम्हाला एकेक कार्ड दिलं. त्यावर १ ते २५ आकडे विस्कटून छापलेले, ते क्रमाने बोटाने दाखवत जायचं, प्रशिक्षक घड्याळ लावणार. खाली दुसरं कार्ड, तसंच. माझ्याबरोबर शिकणारा, माझा जोडीदार, कैरोचा एक तरुण होता. तो म्हणाला, हे फारच सोपं आहे.

उतरताना तिसाच्या पुढे वेटसूट दाबला जाऊन पातळ होतो, अंगाची तरंगण्याची ताकद जाते आणि आपण आपोआप वेगाने खाली जायला लागतो. वेळेवर जॅकेटमध्ये हवा भरत राहावी लागते. चाळीसच्या पुढे बुडबुड्यांचा आवाज बदलला. त्याला धातूची किनार आली, आणि तो कानांत न येता कवटीत आल्यासारखा. मग पन्नास. पाणी निळं-करडं, उतारावर पंख्यासारखी पोवळी, डावीकडे प्रशिक्षक. मला अतिशय बरं वाटत होतं. भीती नाही, घाई नाही, सगळं कसं जागच्या जागी. मनगटावरच्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. आकडा दिसला, आणि थोड्या वेळाने त्याचा अर्थ आला. या दोहोंत जी फट होती ती मला स्पष्ट जाणवली, आणि तिचं काहीच वाटलं नाही. हे ‘काहीच न वाटणं’ मला आजही त्या अनुभवातलं सगळ्यात भीतिदायक वाटतं, पण ते वर आल्यावर.

कार्ड समोर आलं. मी आकडे दाखवत गेले. माझ्या मते झपाझप. बारा की तेरा सापडेना तेव्हा मी तो शोधण्यात इतकी रंगले की आजूबाजूला समुद्र आहे हे विसरले असावे. प्रशिक्षकाने मधेच जोडीदाराला काटा दाखवून ‘किती बार?’ अशी खूण केली. त्याने छान ‘ओके’ केलं. पुन्हा विचारलं. पुन्हा ‘ओके’. तिसऱ्यांदा प्रशिक्षकाने त्याचं मनगट धरून काट्याकडे वळवलं तेव्हा बोटांनी आकडा आला. मग अंगठा वर, निघा.

चाळीसच्या वर आल्यावर डोक्यावरचं झाकण उचलल्यासारखं सगळं साफ. नशा उतरायला वेळ लागत नाही, मागे काही ठेवतही नाही. आणि तीच गंमत आहे, कारण मग आपण म्हणतो, एवढं काही नव्हतं. किनाऱ्यावर घड्याळ दाखवलं. माझी उत्तरं सगळी बरोबर होती, वेळ मात्र सकाळच्या दुपटीच्या घरात. मी पाटीच्या मागे काहीतरी लिहिलंही होतं, ‘पोवळं जांभळं’. ते लिहिल्याचं मला आठवत नव्हतं. माझंच अक्षर, पण पहिलीतल्या मुलीचं. जोडीदाराला काट्याचा प्रसंग अजिबात आठवत नव्हता, आणि तो शपथेवर सांगत होता की पहिल्याच वेळी आकडा दाखवला.

पुढच्या वेळी त्याच खोलीवर चित्र उलट. झोप नीट झालेली नव्हती, पाणी जरा गढूळ होतं. या खेपेला बरं वगैरे काही वाटलं नाही. एक बिनकारणाची शंका मागे लागली की मी काहीतरी विसरतेय. पाटी वाचली, काटा वाचला, जोडीदार पाहिला, सगळं ठीक, तरी शंका जाईना. तोच दाब, तोच वायू, तोच माणूस. सवयीने नशा कमी होते असं डीप एअरवाले ठामपणे सांगतात. संशोधन सांगतं ते थोडं वेगळं: सवयीने नशा झाल्याची भावना कमी होते, प्रतिक्रियेचा वेग वगैरे मोजायला गेलं तर तेवढी सुधारणा दिसत नाही. म्हणजे सराव केलेल्या माणसाचा आत्मविश्वास वाढलेला असतो. एवढ्यासाठी सराव करावा का, हे ज्याचं त्याने पाहावं.

हे सगळं नवीन नाही. दाबाखालच्या या गुंगीमागे नायट्रोजन आहे, हे अमेरिकी नौदलाचे डॉक्टर आल्बर्ट बेन्के यांनी १९३५ मध्येच मांडलं होतं. १९३९ मध्ये ७४ मीटरवर बुडालेली ‘स्क्वॉलस’ ही पाणबुडी वर काढताना डायव्हरांना हेलियम-ऑक्सिजनचं मिश्रण दिलं गेलं. औषध तेव्हापासून माहीत आहे. स्कूबावाल्यांना ते परवडायला आणि पटायला पुढची पन्नास-साठ वर्षं गेली. १९४७ मध्ये फ्रेंच समुद्रसंशोधक कूस्तो यांच्या गटातले मोरिस फार्ग हवेवर १२० मीटरला गेले. दोरीला खुणेच्या पाट्या बांधल्या होत्या. पोचल्यावर सही करायची. १२० मीटरच्या पाटीवर त्यांची सही सापडली. ते स्वतः वर आले ते दोरीने ओढून, तोंडातून रेग्युलेटर सुटलेला, मृत.

तरी माणसं जात राहिली. १९९० मध्ये अमेरिकी डायव्हर ब्रेट गिलियम होंडुरासच्या रोआतान बेटाजवळ साध्या हवेवर १३८ मीटरला जाऊन परत आले, खाली गणितंही सोडवली. डीप एअरच्या बाजूने बोलणारे हे उदाहरण देतातच. त्या खोलीवर हवेतल्या ऑक्सिजनचा दाब होतो ३.१ बार. आता दुसरं टोक. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलासाठी केनेथ डोनाल्ड यांनी शुद्ध ऑक्सिजनवर डायव्हरांच्या चाचण्या घेतल्या. त्यातल्या एकाच डायव्हरला तीन महिन्यांत पुन्हा पुन्हा ७० फुटांवर, म्हणजे याच ३.१ बारला नेलं. एके दिवशी त्याला सात मिनिटांत ऑक्सिजनच्या विषबाधेची लक्षणं आली. एके दिवशी १४८ मिनिटं टिकला. माणूस तोच. गिलियम यांच्या कर्तबगारीबद्दल मला शंका नाही. पण एखादा तिथून परत आला यावरून तो उद्याही येईल की नाही हे कळत नाही, आणि दुसऱ्या कुणाबद्दल तर काहीच नाही.

१९९२ चं राउस बापलेकांचं उदाहरण प्रशिक्षकाने वर्गात बराच वेळ सांगितलं. ख्रिस आणि त्यांचा मुलगा ख्रिसी, दोघेही मुरलेले डायव्हर, एरवी ट्रायमिक्स वापरणारे. न्यू जर्सीपासून दूर समुद्रात ७० मीटरवर एक जर्मन पाणबुडी सापडली होती. ती यू-८६९ आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं. त्या खेपेला खर्च वाचवण्यासाठी दोघे हवेवर उतरले. मुलगा आत ढिगाऱ्याखाली अडकला, बापाने सोडवलं, पण बाहेर पडल्यावर ठेवलेल्या टाक्यांकडे परतायची वाट सापडेना. डिकम्प्रेशनचे थांबे न घेता दोघांना थेट वर यावं लागलं. दोघेही गेले. यात नायट्रोजनचा वाटा किती, पैशाचा किती, नशिबाचा किती, याची वाटणी कुणी करू शकत नाही, असं प्रशिक्षक म्हणाला.

दहाबमध्ये राहून ब्लू होलचा विषय टाळता येत नाही. किनाऱ्याला लागून असलेला हा खोल निळा डोह गावापासून थोडा उत्तरेला. त्याच्या तोंडाशी सहा-सात मीटरवर उंबरठा, आणि खाली ५५ मीटरच्या आसपास एक कमान, तिच्यातून बाहेरच्या समुद्रात जाता येतं. कमान पंचवीसेक मीटर लांब. पलीकडून निळा उजेड येतो, त्यामुळे ती आखूड वाटते. खाली तळ दिसत नाही, नजरेला टेकायला काही नाही, आणि ५५ म्हणजे नायट्रोजन जोरात बोलायला लागतो ती जागा. कित्येकांना कमान दिसतच नाही आणि ते तिच्या शोधात खालीच जात राहतात. २००० साली युरी लिपस्की हा तरुण प्रशिक्षक एका टाकीवर, हवेवर गेला आणि ९० मीटरच्या पुढे तळाला पोचला. त्याचा कॅमेरा चालू होता. मृतदेह आणि कॅमेरा वर आणला तारेक ओमर यांनी, ज्यांनी या डोहातून कित्येकांना असं वर आणलं आहे. काठावरच्या कड्यावर मृतांच्या नावांच्या पाट्या आहेत आणि पाट्यांसमोर चहाची, पॅनकेकची दुकानं. आम्हीही तिथेच जेवलो.

जेवताना माझा जोडीदार म्हणाला, कोर्सच्या प्रमाणपत्राच्या कार्डावर पंचावन्न असणार, कमानही पंचावन्नलाच आहे, मग? प्रशिक्षक म्हणाला, कार्डावरचे पंचावन्न हे वर मोकळं पाणी असलेले पंचावन्न आहेत. डोक्यावर छत असेल तिथे हवेवर मी कुणाला नेत नाही. त्यावर तरुणाने नुसते खांदे उडवले. मला वाटतं कोर्समधली खरी परीक्षा तिथे झाली, आणि तिचा निकाल त्याच्या पाण्यातल्या कौशल्यावरून कळणारा नव्हता.

डिकम्प्रेशनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एकवीस मीटरवर वायूबदलाचा तो विधी (आता तो पोरखेळ वाटला नाही), मग थांबत थांबत वर, शेवटचा सहा मीटरवरचा थांबा सगळ्यात लांब. थंडी वाजते, शिंका येतात, लघवीचा विषय बोलण्यासारखा नाही. जितका वेळ खाली, तितकाच किंवा जास्त या थांब्यांवर. दहाबला एक वेगळा धोका मात्र आहे जो पर्यटकांच्या लक्षात येत नाही. तिथे आलेला प्रत्येक जण मोझेसचा डोंगर, जेबेल मुसा, बघायला जातो. सेंट कॅथरीनचा मठच दीड हजार मीटरवर, डोंगर २२८५ मीटर. सकाळी डिकम्प्रेशनचा डाइव्ह आणि रात्री डोंगर म्हणजे विमानात बसल्यासारखंच. अंगात उरलेला नायट्रोजन बुडबुडे करू शकतो. आम्ही डोंगर आधीच उरकला होता.

मग माझं मत काय झालं? संस्थांचंही एकमत नाही. जीयूई ३० मीटरच्या पुढे हेलियमशिवाय पाठवतच नाही. ब्रिटनची बीएसएसी हवेवर ५० ला थांबते. फ्रान्समध्ये नियमानेच शिकलेल्या डायव्हरला हवेवर ६० मीटर मोकळे आहेत, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या लोक तसे जातात. मला या तिन्हींत जीयूईचं म्हणणं पटतं. नंतर मी ट्रायमिक्स शिकले. १८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हेलियम, बाकी नायट्रोजन. या मिश्रणावर ५० मीटरला डोक्याची अवस्था साधारण २३ मीटरवरच्या हवेसारखी असते आणि घनता पाचच्या खाली. तोच आकड्यांचा खेळ तिथे किनाऱ्यावरच्या वेळेच्या जवळपास झाला. उतारावर एक लोखंडी साखळी होती, जुन्या नांगराची, आणि पंख्याच्या पोवळ्यावर तपकिरी ठिपक्यांचा लांब नाकाचा छोटा मासा. हवेवर याच जागी मला फक्त जांभळं दिसलं होतं.

तरीही हवेवरचा कोर्स वाया गेला असं मी म्हणत नाही. नशेत मी कशी असते, हे मला आता पुस्तकाबाहेर माहीत आहे. चाळीस मीटरवरही ती असते, फक्त सौम्य, आणि सुट्टीवर गेलेले हजारो लोक चाळीसला हवेवरच जातात.

मुंबईच्या एका डायव्हरने अलीकडेच मला विचारलं की हा कोर्स करू का. मी त्याला विचारण्यासारखे प्रश्न दिले. प्रशिक्षक तुमच्याबरोबर उताराला धरून राहणार की मोकळ्या निळ्यात सोडणार. कॉम्प्रेसरच्या हवेची तपासणी शेवटची कधी झाली, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइडही खाली सहापट होतो. सगळ्यात जवळचा रिकम्प्रेशन चेंबर (बुडबुड्यांचा त्रास झाल्यास पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करायची खोली) कुठे आहे आणि तो चालू आहे ना. विम्यात डिकम्प्रेशनचे डाइव्ह आणि चेंबरचा खर्च बसतो का. आणि त्याच दुकानात हेलियमचा भाव काय आहे, तोही विचारून घे म्हटलं. कदाचित हवेच्या आणि ट्रायमिक्सच्या कोर्सच्या खर्चातला फरक वाटतो तेवढा नसेल.